खिडकीच्या पलीकडून: व्हिक्टोरियाचे जुने दाखले मागवले, त्याबद्दल

एका महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बावीस खिडकीवर. त्यामुळे दाखला हातात आला की मी नाव नंतर वाचते, आधी रकाने वाचते. कुठला रकाना आहे, कुठला नाही, कुठे आडवी रेघ मारून सुटका करून घेतली आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. लग्नाची पत्रिका आली तरी मी मुहूर्ताआधी मुद्रणदोष बघते.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या नोंदणी कार्यालयाची एक ऑनलाइन सेवा आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले तिथे घरबसल्या शोधता येतात आणि पैसे भरले की मूळ पानाची प्रतिमा लगेच उतरवून घेता येते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या बाईला त्याचं काय काम, असं कुणीही विचारेल. काम नातवाचं होतं.

मुलगा मेलबर्नला असतो. सून तिथलीच, माहेर बेंडिगोचं, म्हणजे व्हिक्टोरियातलंच. नातवाला शाळेतून वंशवृक्ष करून आणायला सांगितला होता. आमची बाजू एका संध्याकाळी झाली, कारण नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीतून उतरवलेल्या सात पिढ्या घरात लिहून ठेवलेल्या आहेत. (सात पिढ्यांत बायका तीन. बाकीच्या जणू आल्याच नव्हत्या.) सुनेच्या बाजूला मात्र विहीणबाईंकडचा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, त्यात चार फोटो, आणि एक दंतकथा: खापरपणजोबांचे वडील हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेत मोठे ऑफिसर होते. नातू म्हणाला, "आजी, तू दाखल्यांच्या ऑफिसात होतीस ना? मग तू शोध." झालं. नावं मी इथे लिहीत नाही, सुनेने तशी अट घातली आहे.

आधी ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. ऑस्ट्रेलिया नावाचा एक देश १९०१ साली झाला. त्याआधी त्या वेगवेगळ्या वसाहती होत्या, आणि प्रत्येकीची खिडकी वेगळी. म्हणून अख्ख्या देशाची एकच सरकारी यादी शोधू नका, ती नाही. तास्मानियात सरकारी नोंदणी १८३८ च्या डिसेंबरात सुरू झाली, इंग्लंडच्या पाठोपाठ वर्ष-दीड वर्षात. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८४१, दक्षिण ऑस्ट्रेलियात १८४२. व्हिक्टोरियात १ जुलै १८५३, म्हणजे बोरीबंदरहून आमच्या ठाण्याला पहिली गाडी आली त्याच साली, अडीच महिन्यांनी. न्यू साउथ वेल्समध्ये १ मार्च १८५६, आणि क्वीन्सलँड तेव्हा त्यातच असल्यामुळे त्याचीही तीच तारीख. त्यामागचं सगळं चर्चच्या वह्यांत: बाप्तिस्मा, लग्न, दफन.

हा फरक लोक ध्यानात घेत नाहीत आणि फसतात. चर्चची वही जन्माची नसते, बाप्तिस्म्याची असते. सुनेची एक पूर्वज १८२९ साली सिडनीजवळच्या पॅरामॅटाच्या सेंट जॉन चर्चच्या वहीत सापडली, तर त्याच दिवशी तिच्या तीन भावंडांचाही बाप्तिस्मा. चौघं काही एकाच दिवशी जन्मलेली नाहीत. पाद्री हाताशी आला किंवा आई-बापांना वेळ झाला, की सगळ्यांचं एकदम उरकून घ्यायचं. आमच्याकडेही शाळेत नाव घालायची वेळ आली की तिन्ही मुलांच्या उशिरा नोंदणीचे अर्ज एकाच दिवशी घेऊन येणारे बाप मी पाहिले आहेत. सगळ्यांची जन्मतारीख १ जून. मी चष्म्यावरून बघायचे आणि बाप खिडकीच्या कडेला बोट घासत बसायचा.

न्यू साउथ वेल्सच्या यादीत शोधायला पैसे लागत नाहीत. ओळीतल्या क्रमांकाच्या सुरुवातीला व्ही हे अक्षर दिसलं की ती १८५६ च्या आधीची, चर्चची नोंद समजायची. मात्र सरकारकडे आहेत त्या बहुतेक चर्चने पाठवलेल्या नकला, आणि नक्कल करणारा कंटाळला की गॉडफादर-गॉडमदर (बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता-धर्ममाता), साक्षीदार अशी नावं गाळतो. माझी उत्तनची मैत्रीण, आमच्याच खात्यात होती, ईस्ट इंडियन आहे, म्हणजे मुंबई-वसईकडची जुनी मराठी ख्रिस्ती. ती फोनवर म्हणाली, "अगं, गॉडमदर कोण ते बघ, ती नव्वद टक्के आईची बहीण असते." खरं आहे. म्हणून शक्य असेल तिथे चर्चच्या मूळ वहीची मायक्रोफिल्म (फोटो काढलेली प्रत) बघावी. आणखी एक गंमत तिनेच काढून दिली. सुरुवातीच्या काळात कॅथलिक माणसाचं लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चच्या, वहीत सापडतं. कारण साधं आहे, सरकारमान्य कॅथलिक पाद्री तिथे कायम राहायला १८२० साली पोचले. तोवर जो होता त्याच्यापुढेच उभं राहायचं. धर्मावरून वही निवडली असती तर आमचं एक जोडपं कायमचं हरवलं असतं.

त्या जोडप्यातला नवरा विलायतेहून कैदी म्हणून जहाजातून पाठवलेला निघाला. मी फोनवर जरा आवाज खाली करून सांगितलं, आपल्याकडची सवय. सून आनंदाने ओरडली! तिथे हल्ली हे मिरवायचं असतं. एकूण एक लाख साठ हजारांच्या आसपास कैदी पाठवले गेले, शेवटचं जहाज १८६८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाला लागलं, म्हणजे जुन्या घराण्यांत एखादा तरी निघतोच. नातवाने लगेच मैत्रिणीला मेसेज केला. ठाण्यात जेलच्या भिंतीवरून रिक्षा गेली तरी आमची आजी हात जोडायची आणि कुणाचं नाव घेऊ नका म्हणायची, ते आठवलं.

आता मुख्य गोष्ट, व्हिक्टोरिया.

यादीत शोधणं सोपं आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. एक, गावांची जुनी नावं. बेंडिगो १८९१ पर्यंत सँडहर्स्ट होतं. मी दोन दिवस बेंडिगो बेंडिगो करत बसले. ठाण्याचं टॅना आणि खडकीचं किर्की लिहिलेली कागदपत्रं आयुष्यभर हाताळलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. दुसरं, मेलबर्नच्या बाजूचा मुलूख १८५१ पर्यंत न्यू साउथ वेल्सचाच होता, त्यामुळे त्या आधीची नोंद दोन्हीकडच्या यादीत बघावी. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं साठ, मृत्यू तीस वर्षांपूर्वीचे असले तर खुल्या यादीत असतात. त्या अलीकडचं जिवंत माणसांचं खाजगी, ते बरोबरच आहे.

एका प्रतिमेचे आपल्या रुपयांत हजाराच्या वर जातात. पहिली प्रतिमा मी चुकीची घेतली. त्याच नावाचा, त्याच गावातला, दारूच्या गुत्त्याचा मालक. यादीतलं वय मी पाहिलंच नव्हतं, बापाचं नावही ताडून घेतलं नव्हतं. चूक शंभर टक्के माझी. खिडकीवर मी लोकांना म्हणायचे, "काका, अर्ज भरण्याआधी नीट वाचा." ते सगळे काका त्या रात्री आठवले. मुलगा म्हणाला, "ए आई, जाऊ दे ना, दुसरा घेऊ." मी जाऊ दिलं नाही. दोन दिवस यादीतल्या सगळ्या समान नावांचा तक्ता आखला: वय, बाप, आई, गाव, साल. मग दुसरा मागवला.

दुसरा बरोबर निघाला, आणि तो पडद्यावर उघडला तेव्हा मी खरंच उठून उभी राहिले.

आपल्याकडचा मृत्यूचा दाखला तुम्ही पाहिला असेल. नाव, लिंग, तारीख, ठिकाण, आईचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. मृत्यूचं कारण त्यावर छापायचंच नाही, जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात तसं स्पष्ट आहे. लोक भांडायचे त्यावरून, विमा कंपनीला हवंय म्हणून. मी कलम दाखवायचे.

आणि हा १८८९ चा कागद. केव्हा, कुठे मेला. धंदा: खाणकामगार. वय ४६. कारण: क्षय, किती महिन्यांचं दुखणं, कुठल्या डॉक्टरने शेवटचं कधी पाहिलं. बेंडिगोच्या गारगोटीतलं सोनं काढायच्या खाणींतल्या धुळीने माणसं छातीला धरून जायची, तेव्हा कारण वाचून आश्चर्य वाटलं नाही, पण दाखल्यात ते लिहिलेलं पाहून वाटलं. पुढे बापाचं नाव आणि धंदा. आईचं नाव आणि माहेरचं आडनाव यांना रकाना. माहिती कुणी दिली, त्याचं नातं, पत्ता. कुठे पुरलं, कधी, कुठल्या पाद्र्यापुढे. जन्म कुठे झाला. वसाहतीत येऊन किती वर्षं, कुठकुठल्या वसाहतीत. लग्न कुठे, कितव्या वर्षी, कुणाशी. आणि शेवटच्या रकान्यात झालेली सगळी मुलं, क्रमाने, वयांसकट.

नऊ नावं. चार नावांपुढे वयाच्या जागी 'मृत'.

रकाना अरुंद आहे. कारकुनाने नऊ नावं त्यात बसवायला अक्षर बारीक करत नेलं आहे, पहिलं नाव ऐसपैस, नववं मुंगीएवढं. मला तो माणूस दिसला. पेन, शाई, बाहेर पुढचा अर्जदार उभा, आणि हा मान वाकवून सातव्या मुलाचं वय कुठे लिहू म्हणून जागा शोधतोय. आम्हीही समासात लिहायचो. शेरा म्हणून.

हा नमुना कुणी ठरवला ते मी शोधलं, कारण असा फॉर्म आपोआप होत नाही. विल्यम हेन्री आर्चर नावाचा गृहस्थ, लंडनला विम्याच्या आकडेमोडीत मुरलेला, १८५२ साली मेलबर्नला आला आणि पुढच्याच वर्षी नवी नोंदणी त्याच्या हातात आली. सोन्याच्या मागे जहाजं भरभरून लोक येत होते, कुणाचं कुणी नव्हतं, तेव्हा त्याने ठरवलेलं दिसतं की मेलेल्या माणसाबद्दल जे जे विचारता येईल ते विचारून घ्यायचं. जन्माच्या दाखल्यातही तसंच: आई-बापांची वयं, जन्मगावं, त्यांचं लग्न कुठे-कधी झालं, आधीची मुलं किती जिवंत, किती गेली. एक जन्मदाखला घेतला तर लग्नाची तारीख फुकट हातात येते. माझ्या नोकरीत तीनदा नमुने बदलले, प्रत्येक वेळी एक समिती होती. या माणसाला मी समितीत घेतलं असतं. नव्हे, समितीच त्याला दिली असती.

सगळीकडे असं नाही हं. तास्मानियाचा जुना मृत्यूचा दाखला उघडलात तर आई-बापांची नावंच नाहीत. पण तिथल्या राज्य ग्रंथालयाची नावांची सूची फुकट आहे आणि मूळ पानाची प्रतिमाही फुकट बघायला मिळते, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार. न्यू साउथ वेल्सने १८५६ पासून जवळजवळ व्हिक्टोरियासारखेच रकाने घेतले, मात्र दाखला कागदावर, टपालाने येतो. घाई असेल आणि सही-शिक्क्याची गरज नसेल तर तिथे परवानाधारक नक्कलकार आहेत, ते नोंद पाहून टाइप केलेला उतारा कमी पैशांत ईमेलने पाठवतात. आपल्या कोर्टाबाहेरच्या टायपिस्टची आठवण झाली.

तर तो १८८९ चा कागद. मी तो पेन ड्राइव्हवर घेऊन गोखले रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. "काकू, ए-फोरवर मुंग्या दिसतील, ए-थ्री काढू?" म्हणाला. ए-थ्री काढला, तरी एक शब्द अडला. जन्म कुठे, या रकान्यात. मुलाने तिकडून व्हिडिओ कॉलवर वाचला: "रूना... वेल्समधलं असेल काहीतरी." सुनेने वाचला: "रोना." विहीणबाईंनी भिंग लावलं आणि त्यांना काहीच लागेना. झेरॉक्सवाल्याच्या काचेवर तो कागद तिरपा धरून मी बघितलं. पहिलं अक्षर आर नाही, पी. शेवटी एचची शेपटी. पुढे ई, टिंब, इंडीज. पूना. ईस्ट इंडीज!

मी तिथेच "पुणं आहे रे" म्हणून ओरडले. झेरॉक्सवाला म्हणाला, "काकू, पुण्याचं काय?"

म्हणजे दंतकथेतला हिंदुस्थान खरा होता. मोठा ऑफिसर मात्र संशयात आला, कारण बापाच्या धंद्यात लिहिलं होतं 'सोल्जर'. ऑफिसरच्या मुलाने बापाला सोल्जर सांगितलं नसतं. आणि आईच्या रकान्यात: 'माहीत नाही'.

इथे माझा खिडकीवरचा अनुभव कामी येतो, म्हणून जरा थांबते. दाखल्यात काय लिहिलंय याच्याइतकंच ते कुणी सांगितलं हे बघायचं. माहिती देणारा होता थोरला मुलगा, एकवीस वर्षांचा. भावंडांची नावं, वयं, गेलेली चार, सगळं घडाघड सांगितलंय. आईचं माहेर, लग्नाचं गाव, बरोबर. बापाची आई? जिला कधी बघितलं नाही, जिचं नाव घरात निघालं नाही, ती? माझ्या खिडकीवर बापाचा मृत्यू नोंदवायला आलेला शिकलासवरलेला मुलगा आजीच्या नावाशी अडखळायचा आणि बाहेर जाऊन आत्याला फोन करायचा. त्या पोराला आत्या नव्हती. किंवा होती, पण पुण्यात. माहिती देणारा शेजारी किंवा अंत्यविधी करणारा असेल तर सगळा दाखलाच ऐकीव धरावा. वयाचंही तेच. सेहेचाळीस म्हणजे 'असेल सेहेचाळीस'.

पुढचा प्रवास त्यामुळे व्हिक्टोरियातून उलटा आपल्याकडे आला. कंपनी सरकारच्या काळात पाद्र्यांनी वहीतल्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवायच्या असत. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तीन इलाख्यांच्या तीन मालिका: एन-१ बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई. मुंबईच्या अगदी अठराव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. नुसती यादी फॅमिलीसर्च आणि फिबिस (हिंदुस्थानातल्या ब्रिटिश घराण्यांचा शोध घेणारी संस्था) या दोन वेबसाइटींवर फुकट शोधता येते, मूळ पान बघायला फाइंडमायपास्ट या वेबसाइटची वर्गणी लागते, मी महिन्याभराची घेतली आणि वसूल केली. मधेच भरकटून न्यू साउथ वेल्सचा पुढे गव्हर्नर झालेला लॅकलन मॅक्वारीही बघितला. त्याचं पहिलं लग्न मुंबईतच लागलं, १७९३ साली, आणि ती बायको पुरलीही मुंबईत. सिडनीत त्याच्या नावाचा अख्खा रस्ता आहे.

आमचा माणूस सापडला. बाप्तिस्मा, पुणे कॅम्प. जन्म १८४१, म्हणजे पोराने बापाचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं. बापाचा हुद्दा: गनर, हॉर्स आर्टिलरी. घोड्यांच्या तोफखान्यातला साधा तोफची. ऑफिसर गेला.

विहीणबाईंना मीच फोन केला. मला वाटलं वाईट वाटेल. त्या जोरात हसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या काकांनी आयुष्यभर लोकांना कर्नल सांगितलं होतं.

तक्रारींचं आता थोडक्यात. एका पैसे भरून वापरायच्या वेबसाइटवर मी सुरुवातीला 'चौदा दिवस मोफत' म्हणून गेले. पंधराव्या दिवशी वर्षाचे पैसे कार्डातून वळते. शिवाय तिथे लोकांनी टांगलेले वंशवृक्ष. त्यातल्या एकात आमच्या खापरपणजोबांना जन्म देताना त्यांची आई सहा वर्षांची होती, आणि जन्मगाव केंट. अकरा जणांनी तोच वृक्ष डोळे झाकून उतरवून घेतला होता. एकानेही वजाबाकी केली नव्हती. नोंद जोडलेली नसेल तर वृक्षावर विश्वास ठेवू नका, पान कितीही हिरवं दिसो.

त्याच्या उलट ट्रोव्ह. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं फुकट उघडून ठेवली आहेत. यंत्राने वाचलेला मजकूर शेजारी असतो आणि चुका कुणीही दुरुस्त करू शकतं. 'बेंडिगो अॅडव्हर्टायझर'मध्ये मृत्यूची चार ओळींची जाहिरात मिळाली. यंत्राने आडनावाची पार भाजी केली होती, म्हणून शोधात येत नव्हती. मी दुरुस्त केली. मग खालची दुरुस्त केली, ती कुण्या परक्याची होती. मग त्या खालची. दुपारी तीनला बसले, दिवेलागणीला उठले, चहा तसाच. नावातली चूक दुरुस्त करायला अर्ज नाही, प्रतिज्ञापत्र नाही, राजपत्र नाही! एकतीस वर्षांची हौस फिटली.

मृत्युपत्रं व्हिक्टोरियाच्या सरकारी दफ्तरखान्याच्या साइटवर, १८४१ पासूनची, बघायला फुकट. खाणकामगाराचं कसलं मृत्युपत्र, म्हणून मी शोधणारच नव्हते. होतं. मालमत्तेच्या यादीत लाकडी घर, एक घोडा, एक गाडी. तोफखान्यातल्या घोड्यांमागे वाढलेला पोरगा, शेवटी एक घोडा त्याचाही होता.

जनगणनेचं विचाराल तर घरोघरचे फॉर्म तिथे आकडे काढून नष्ट करत आले, न्यू साउथ वेल्सची १८२८ ची नावानिशी नीट उरली आहे, पण असे अपवाद थोडेच. म्हणून तिथे दाखल्यांना इतकं महत्त्व.

किंमत वसूल आहे का? माझं मत, आहे, पण सगळे दाखले घेत सुटू नका. मृत्यूचा आधी घ्या, त्यात सगळ्यात जास्त माल आहे. तोही थोरल्या मुला-मुलीने माहिती दिलेला मिळाला तर नशीब, ते मात्र घेतल्यावरच कळतं. पाचात चार तारे. पाचवा आर्चरसाहेबांना वेगळा देते, तो कार्यालयाच्या हिशेबात धरू नये.

राहिला एक रकाना. पुण्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, आडनाव, हुद्दा सगळं आहे, आणि आईचं फक्त 'मारिया'. आडनाव नाही, माहेर नाही. विहीणबाईंनी लगेच विचारलं, "म्हणजे ती तुमच्याकडची होती का?" सुनेचंही तेच. मुलाने तर ठरवूनच टाकलं. मी म्हटलं, असेल, नसेल. मारिया इंग्रज असते, आयरिश असते, वसईची असते, गोव्याची असते. त्या वह्यांत देशी बायकांची नुसती पाळण्यातली किंवा बाप्तिस्म्याची नावं लिहायचे हे खरं, पण कारकून आळशी असला की कुणाचंही तेवढंच लिहायचा. लग्नाची नोंद मिळेपर्यंत मी त्या जागी काही लिहू देणार नाही. एन-३ मधली १८३० ते ४१ ची लग्नं मी रोज रात्री जेवणानंतर वीस-वीस पानं बघते आहे. पुणे झालं, किर्की झालं, अहमदनगर चालू आहे.

शाळेची तारीख त्याआधी आली. नातवाने तक्ता रंगवून सगळे चौकोन भरले, एक रिकामा. बाईंनी विचारलं तर काय सांगू, म्हणाला. मी त्याला सांगितलं की आमच्या ऑफिसात नोंद सापडली नाही तर त्याचाही दाखला देतात, नोंद उपलब्ध नसल्याचा. कुठली साल तपासली, कुठलं गाव तपासलं, ते लिहून खाली सही. त्याला ते फारच आवडलं. "मग दे ना आजी." मी कोऱ्या कागदावर लिहून दिला: नाव मारिया, आडनाव नोंद नाही, तपासलेली ठिकाणं दोन, शोध चालू. सही केली, फोटो पाठवला.

दहा मिनिटांत मेसेज आला: शिक्का कुठाय?